बिनडागाचं हॉटेल

४ फेब्रुवारी

वन्सं,

मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांची चौकशी तुम्ही केलेली नाही, तेव्हा पुढचं लिहिते.

तुमचं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं चष्मा बिघडला. चष्मा पुसून परत वाचलं, तर तेच लिहिलेलं. जन्मभर लग्न केलं नाहीत. तुमच्या भावाने एकेक चांगली स्थळं आणली. एकाच्या नाकात केस म्हणून नको, दुसरा बशीने चहा पितो म्हणून नको. आता नोकरी संपली, केस पिकले, दात पडले, आणि ज्याने नवे दात करून दिले त्याच्याशीच लग्न! बरं, डॉक्टर तरी असता. हा डॉक्टरांना कवळ्या करून देणारा. म्हणजे कवळीवाला. उद्या कानाला यंत्र बसवलंत तर काय कराल?

आणि आपलं ठरलं होतं त्याचं काय? तुमचा भाऊ गेला त्या वर्षी तुम्हीच म्हणालात, "वहिनी, नोकरीतून सुटले की मी तुझ्याकडेच येते, दोघी मिळून राहू." मी काही बोलावलं नव्हतं. मला एकटीला घर काही खात नाही. पण माणसाने बोललेलं लक्षात ठेवावं, एवढंच.

तुम्ही लिहिता की कवळ्यांच्या सामानाचं प्रदर्शन बघायला तुम्ही दोघं त्या मोठ्या शहरात येणार, मलाही मुलाकडे जाताना गाडी तिथेच बदलायची, तर एक दिवस थांबून कुठल्याशा उंची हॉटेलात दुपारचं खास जेवण करू, म्हणजे मला त्याला बघता येईल. बघते. नातवंडं झाल्यावर नणंदेसाठी मुलगा बघायला जायचं माझ्याच नशिबी होतं.

फोन करू नका. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तुम्ही लाजून बोलत नाही.

वहिनी

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

गुडघे कसे आहेत? (पहिल्याच ओळीत विचारलं. झालं समाधान?)

तू कवळीवाला म्हण, काही म्हण. मी जन्मभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. हा पहिला माणूस भेटला ज्याच्याशी बोलताना माझ्या हातातला लाल पेन आपोआप खाली राहतो. यापेक्षा जास्त काही लिहिणार नाही, कारण तू हसशील.

ठरलं होतं ते मी विसरलेले नाही. म्हणूनच तुला विचारते आहे, नुसतं कळवत नाही. माझ्या मागे-पुढे आता तू एकटीच आहेस. तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही. तसं त्यांनाही सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "मग जेवण चांगलं झालं पाहिजे."

तर हॉटेलं. मी चौकशी करून तीन काढली आहेत. पहिलं उंच इमारतीच्या माथ्यावर आहे आणि हळूहळू गोल फिरतं. जेवता जेवता सगळं शहर दिसतं. दुसरं पाण्यावर आहे, थेट बोटीत. तिसऱ्याचं फार नाव आहे. तिथे मेनूच नसतो. मुख्य आचारी ठरवेल ते येतं, एकामागून एक नखाएवढे पदार्थ, आणि प्रत्येकाबरोबर वेटर त्याची हकिकत सांगतो.

तुला कुठलं आवडेल ते कळव. जागा आधी धरावी लागते.

तुझी नणंद

१६ फेब्रुवारी

वन्सं,

फिरत्या हॉटेलात जेवायला मी काय पंख्याला बसलेली माशी आहे? माझं डोकं बसल्या जागी फिरतं, त्याला मदत नको. बोटीचं नावही काढू नका. एक तर अनोळखी पुरुष, त्यात पायाखाली पाणी. आणि तिसरं! नखाएवढं खायचं आणि वर त्याची गोष्ट ऐकायची? भुकेल्या माणसाला गोष्ट सांगू नये, ती त्याला चावावीशी वाटते.

तुम्ही पुस्तकातली माणसं, हॉटेलचं नाव वाचून भुलता. हॉटेल मी निवडणार. मी दुसरीपर्यंत शिकले, पण उभा जन्म तुमच्या भावाच्या लाँड्रीत हॉटेलांचेच कपडे धुतले. टेबलक्लॉथ आणि रुमाल. मला विचारा माणूस कसा ओळखायचा. तोंडावर सगळे सभ्य असतात, पण मांडीवरच्या रुमालाला खोटं बोलता येत नाही. नुसतं कोपऱ्याने टिपणारा हिशेबी. बोळा करून फेकणारा बायकोवर ओरडणारा. न आवडलेला घास रुमालात गुंडाळून ठेवणारा जन्मभर सगळ्या गोष्टी तशाच गुंडाळून ठेवतो. आणि रुमालाने बूट पुसणारे पाहिलेत मी, चांगले टाय लावणारे. त्यांच्याविषयी काही लिहायलाच नको.

तेव्हा मला पांढऱ्या कापडाचं हॉटेल पाहिजे. कागदी रुमाल चालणार नाहीत. जेवण झालं की मी त्याचा रुमाल बघीन आणि सांगीन.

मी एक दिवस आधी जाऊन स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरते. जागा-बिगा धरू नका.

वहिनी

२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

बरं. तू निवड. भांडण्यात अर्थ नाही, तुझ्याशी भांडून दादाही कधी जिंकला नाही.

एकच मागणं. ते घाबरलेले आहेत. हसू नकोस. नवा कोट शिवायला टाकला आहे. काल मला विचारत होते की वहिनींशी कुठल्या विषयावर बोलावं. मी म्हटलं, बोलू नका. तर जरा सांभाळून घे. आणि कवळीवाला असं तोंडावर म्हणू नकोस.

नणंद

५ मार्च, लॉजवरून

वन्सं,

ही चिठ्ठी तुमच्या उतरायच्या ठिकाणी देऊन ठेवते. उद्या दुपारी बाराला खाली उभ्या राहा, मी रिक्षा घेऊन येते.

हॉटेल मिळालं. मिळवायला तंगड्या तुटल्या. पुढच्या दारातून मी कुठेच गेले नाही. पुढच्या दारात काय, कुंडी आणि सलाम. मी मागच्या गल्ल्यांतून फिरले. धुवायला जाणारी कपड्यांची गाठोडी दुपारच्या पाळीनंतर मागच्या दारात पडतात, हे सगळ्या जगात सारखं. गाठ सोडायची, बघायचं, परत बांधायची.

तुमचं ते गोष्टी सांगणारं हॉटेल पाहिलं. वाईनमध्ये बुडालेले टेबलक्लॉथ, आणि एका रुमालात चक्क मासा, जसाच्या तसा. नखाएवढाच होता, तोही कुणाला गिळवला नाही. बोटवाल्यांच्या गाठोड्यात ओकारी होती. जास्त लिहीत नाही. एका ठिकाणी वॉचमनने हटकलं. "आजी, काय शोधताय?" मी म्हटलं, चारित्र्य. तो म्हणाला, "मग पुढच्या गल्लीत बघा."

बघितलं पुढच्या गल्लीत. आणि काय सांगू! जुनं, दगडी, पितळी कड्यांचं दार, आणि मागे गाठोडं म्हणाल तर एवढंसं. उलगडलं तर एकेक टेबलक्लॉथ पांढराफेक. थेंब नाही, चुरा नाही, हळदीचा नाही, तेलाचा नाही. रुमालांची घडीसुद्धा जेमतेम मोडलेली. इतकी वर्षं धुतले, पण असे जेवणारे पाहिले नाहीत. असल्या शिस्तीच्या माणसांत तुमच्या त्याला बसवलं की त्याचा एकूण एक डाग उठून दिसेल.

मी आत जाऊन टेबल सांगून आले. माझ्याआधी मॅनेजर टेबलापर्यंत धावला, इतकी अदब.

वहिनी

१० मार्च, मुलाच्या घरून

वन्सं,

पोचले. मुलगा बरा, सून बरी, नातू माझी कवळी पाण्यात बघून पळून गेला.

आता आधी हॉटेलचं संपवते, कारण तुम्ही स्टेशनवर निरोप घेतानाही तोंडातून शब्द काढला नाहीत. हो, कळलं मला. दारातून पाऊल टाकलं तेव्हाच कळलं. एवढा मोठा दिवाणखाना, एवढी टेबलं, आणि जेवणारे आपण तिघं. कपडे स्वच्छ होते कारण मळवायला कुणी येतच नव्हतं. बडा घर पोकळ वासा. पण तुमच्या त्या माणसाने ते मोठ्याने म्हणायची काही गरज नव्हती. "वहिनी, इथले लोक अतिशय स्वच्छ जेवतात." म्हणाला आणि कोटाच्या बाहीत हसला. मी बघितलं.

वेटर म्हणाल तर लग्नातल्या करवल्यांसारखे भोवती. मी पाणी प्यायले की एक पेला भरणार, दुसरा तो बघणार, तिसरा दुसऱ्याकडे बघणार. मेनू चामड्यात बांधलेला, मांडीवर घेतला तर गुडघा कुरकुरला. मासा आहे का? आज नाही. बदक? कालच संपलं. मी विचारलं, काल कोण आलं होतं? तर वेटर छताकडे बघतोय. आणि तो सारंगीवाल्यासारखा माझ्या कानाशी व्हायोलिन घासणारा! नशीब, त्या कानाने मला ऐकू येत नाही.

मग ती चांदीची झाकणं. तिघांनी तिघांसमोर ठेवली, एकमेकांकडे बघितलं, मान हलवली आणि एकदम उचलली. खाली अंडं. एकेक उकडलेलं अंडं, शेजारी बटाटा. मॅनेजरच आत जाऊन उकडून आला होता, त्याच्या टायला टरफल चिकटलेलं.

असो. तो हॉटेलचा दोष. आता माणसाचा.

एक. त्याने रुमाल वापरलाच नाही. मांडीवरही घेतला नाही. जेवण संपलं तेव्हा ताटाशेजारी घडी जशीच्या तशी, इस्त्रीसकट. तोंड पुसलं ते स्वतःच्या खिशातल्या हातरुमालाने. नव्या कोटावर सूप सांडलं तरी रुमालाला हात लावला नाही. ज्या माणसाचा कुठे डागच उमटत नाही, तो एक तर फार सभ्य नाहीतर फार लबाड. सभ्य माणसं मला आजवर भेटलेली नाहीत.

दोन. तो सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांत नाही, तोंडात. मी घास घेतला की पुढे वाकून बघणार. या वयात असलं बघणं मी सहन करणार नाही.

तीन. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी विचारलं, आधी लग्न झालं होतं का? म्हणाला, "हो, पण ती गेली." मी म्हटलं, अरेरे, कशाने? म्हणाला, "सायकलवाल्याबरोबर." असली थट्टा जेवताना कुणी करतं? मला ठसका लागला. बटाटा नाकात गेला.

तेव्हा विचारलंत म्हणून सांगते. माझं मत नाही.

वहिनी

१७ मार्च

वहिनी,

आज गुडघ्यांची चौकशी करत नाही.

एकेका मुद्द्याला उत्तर देते. रुमाल त्यांनी वापरला नाही, कारण तू रुमालावरून माणूस ओळखतेस हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. चूक माझी. बिचाऱ्यांना घामच फुटला. कोपऱ्याने टिपलं तर हिशेबी, बोळा केला तर रागीट. मग करायचं काय? शेवटी ठरवलं की त्याला हातच लावायचा नाही. नवा कोट शिवला आणि त्यावर सूप वाहू दिलं, ते तुझ्या धाकाने.

तुझ्या तोंडाकडे ते बघत होते हे खरं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, वहिनी कशा वाटल्या? म्हणाले, "खालची कवळी डावीकडे बोचत असणार. उजव्या बाजूनेच चावतात." ही त्यांची तुझ्याविषयीची पहिली आणि एकमेव टीका. तू फटकून वागलीस, गल्लोगल्ली शोधून त्यांना रिकाम्या हॉटेलात अंडं खायला घेऊन गेलीस, याबद्दल एक अक्षर नाही. उलट म्हणाले, इतक्या वर्षांत एवढी मजा आली नव्हती.

आणि ती सायकलवाल्याबरोबर गेली ही थट्टा नव्हती. खरंच गेली. ते असंच सांगतात.

गाडीत मी रडवेली झाले होते. तुला ठाऊक आहे, चिडले की मी गप्प होते आणि समोरचा 'काय झालं, काय झालं' करायला लागला की आणखी चिडते. त्यांनी काहीही विचारलं नाही. नुसते शेजारी येऊन बसले. बराच वेळ. मग एक संत्रं सोललं आणि अर्धं माझ्याकडे केलं. यांना हे कसं जमलं देव जाणे. दादाला जन्मात जमलं नव्हतं.

आता मी विचारते, आणि तू खरं उत्तर दे. तुझं मत त्यांना नाही आहे, की मला जाऊ द्यायचं नाही? पहिलं असेल तर मी तुझं ऐकेन. दुसरं असेल तरी ऐकेन कदाचित. पण मग मला ते माहीत पाहिजे. त्यांना मी थांबा म्हटलं आहे.

नणंद

२ एप्रिल

वहिनी,

पत्र नाही. तुझ्या मुलाला फोन केला, तो म्हणाला तू केव्हाच घरी परतलीस आणि ठणठणीत आहेस. म्हणजे आजारी नाहीस, नुसती गप्प आहेस. गप्प बसणं हे माझं काम आहे, तुझं नाही. काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

नणंद

९ एप्रिल

वन्सं,

शिव्या लिहायला बसले होते. कागद पुरेना.

तुम्ही विचारलंत पहिलं की दुसरं. दुसरं. मी त्याला बघायच्या आधीच माझं मत नव्हतं. तो राजासारखा जेवला असता तरी नव्हतं, आणि रुमालाचं पागोटं करून डोक्याला बांधलं असतं तरी नव्हतं. रुमाल, हॉटेल, गाठोडी, सगळा खटाटोप काहीतरी सापडावं म्हणून. काही सापडलं नाही. फार राग आला. एवढी पायपीट करून माणूस धड निघतो म्हणजे काय?

आता एक सांगते, ते मागच्या पत्रात मी लिहिलं नव्हतं. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा सायकलवाल्याच्या आधी आणखी बोलणं झालं. तो म्हणाला, "वहिनी, मला एकच विचारायचंय. त्या रागावल्या की काय करायचं?" बघा हं. लोक विचारतात काय आवडतं, काय आणू, कसं खूश ठेवू. हा विचारतो रागावल्यावर काय करायचं. मी म्हटलं, विचारू नका काय झालं. नुसतं शेजारी जाऊन बसा. मग काहीतरी अर्धं करून द्या, अख्खं दिलंत तर त्या परत करतील.

तर ते संत्रं माझं होतं. त्याला दैवी ज्ञान वगैरे काही नाही, उगीच डोक्यावर चढवू नका.

पण माझ्या तोंडून ते निघून गेलं आणि मग मी अंडं खात बसले आणि मला कळेना की मी हे काय केलं. ज्याला नाही म्हणायचंय त्याला कुणी अशी गुरुकिल्ली देतं का? तुमच्या भावालासुद्धा मी कधी सांगितलं नव्हतं. त्याने कधी विचारलंच नाही.

तेव्हा करा लग्न. नोंदणीच्या कचेरीत करणार असाल तर मी येते. जेवायला कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारू नका, आणि फिरणारं निवडलंत तर मी बाहेर थांबीन. डाव्या बाजूचं म्हणत होता ते बरोबर आहे. पण तसं त्याला सांगायचं नाही. येताना हत्यारं आणली तर आणू दे.

राहिलं इकडचं. एवढ्या दिवसांत पत्र नाही लिहिलं, कारण एक काम उरकायचं होतं. तुमच्यासाठीची म्हणून जी खोली होती, ती मी भाड्याने दिली. दवाखान्यातली नर्स आहे, पन्नाशीची. जाडी आहे, घोरते, मोरी ओली ठेवते आणि मला औषधावरून बोलते. मी तिला पहिल्याच दिवशी झाडलं, तिने मला दुसऱ्या दिवशी. तिला काढणार नाही. तेव्हा आता इकडे तुम्हाला परत यायला जागा नाही. त्याच्याशी भांडलात तर तिथेच मिटवायचं, पिशवी भरून माझ्या दारात यायचं नाही.

संध्याकाळी ती कामावरून आली की खालूनच ओरडते, "आले हो!" जिना चढायला तिला वेळ लागतो, तोवर मी चहा टाकते. माझं तेवढ्यावर भागतं.

वहिनी